ढोलीतली सोयरीक

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलात वाघाला भिणारी माणसं मुबलक आहेत, न भिणारीही दोन-चार असतील, पण वाघाकडे पाठ करून झाडाच्या ढोलीत खांद्यापर्यंत हात घालणारी आणि घालण्याआधी "कोई है क्या जी अंदर?" असं अदबीने विचारणारी बाई ह्या दोन जिल्ह्यांत एकच झाली. ती आमची भाडेकरीण. माडीवरच्या खोलीत राहायची आणि गडचिरोलीतल्या एका दवाखान्यामागच्या तपासणीच्या इमारतीत काम करायची. दारावरच्या पाटीवर तिच्या नावाआधी डॉक्टर लिहिलेलं होतं. त्यामुळे सुरुवातीला गावातले लोक सर्दी-पडशाचं औषध मागायला जिना चढायचे. ती त्यांना बसवायची, पाणी द्यायची आणि सांगायची, "मी माणसाची डॉक्टर नाई जी. माणसाच्या आत जे राहते, त्याची आहे." ऐकणारा पाणी अर्धंच ठेवून उतरायचा. गावाने तिचं खरं नाव कधी घेतलंच नाही. खमीरवाली बाई म्हणूनच ती ओळखली गेली.

मी चौथी शिकलेला माणूस. उभा जन्म आरामशीनवर लाकूड चिरण्यात गेला. खमीर मला जिलबीपुरतं आणि मोहाच्या दारूपुरतं ठाऊक. बाईने शिकवलं की खमीर हा जीव असतो, डोळ्याला न दिसणारा, आणि त्याच्यात जाती आहेत, कुळं आहेत, भाऊबंदकी आहे. काही पाव फुगवतात, काही मोह आंबवतात, आणि काही माणसात शिरून माणूस संपवतात. बाईचा जीव ह्या शेवटच्यांवर. चंद्रपुरात तिच्या वडिलांची बेकरी होती. लहानपणी ती म्हणे खमिराच्या पिंपाला कान लावून बसायची, आत काय कुजबूज चालली आहे ते ऐकत. "अब्बा म्हणायचे, ही पोरगी सासरी नाई, पिंपात नांदायच्या लायकीची आहे." लग्न तिने केलंच नाही. पण सोयरिकी जुळवण्याचा जेवढा नाद तिला होता तेवढा मी कुठल्या मध्यस्थातही पाहिला नाही. कोणत्या खमिराचं कोणाशी जमलं, कोण जातीबाहेर गेलं, लेकरू कोणाच्या वळणावर निघालं, हेच तिचं ध्यान. गावात लग्न असलं की ती नवरा-नवरीकडे पाहायचीच नाही. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांची नाकं न्याहाळत बसायची. एकदा भर पंगतीत वरमाईला म्हणाली, "तुमचं नाक एक पिढी लपून बसन, नातवाच्या तोंडावर निघन." वरमाई आजतागायत माझ्याशी बोलत नाही, कारण बाईला घेऊन मी गेलो होतो.

तिच्या कानावर नेहमी कापसाची एक काडी खोचलेली असायची, सुतार पेन्सिल खोचतो तशी. बेकरीवाल्याची लेक असून ती पाव खात नसे. विचारलं तर म्हणे, "किती मुडदे असतात भाऊ त्याच्यात." कुठल्याही घरात पाय टाकला की आधी हवा हुंगायची आणि घरधनीण दिसायच्या आत सांगायची की इथे ताक दोन दिवसांचं आहे. तिच्याजवळ एक बर्फाचा डबा होता. तो तिने एसटीत कधी खाली ठेवला नाही. सिरोंच्याच्या गाडीत एकदा कंडक्टरने विचारलं, "बाई, मासोळ्या आहेत का डब्यात? वास सुटन." बाई म्हणाली, "नाई जी, सासुरवाशिणी आहेत. आवाज करू नका." कंडक्टरने मागच्या सीटा रिकाम्या असूनही आमच्याजवळ कोणाला बसवलं नाही. आणि तपासणीच्या इमारतीत तिचा एक मोठा कुकर होता, गिरणीतल्या डब्याएवढा. काम झालेल्या नळ्यांतले जीव त्यात वाफेवर मारून टाकायचे असतात. झाकण लावण्याआधी ती खाली वाकून म्हणायची, "माफ करना, बच्चो." मी जेवणाचा डबा द्यायला जात असे तेव्हा हे माझ्या कानांनी ऐकलं आहे. पहिल्यांदा हसू आलं. पुढे आलं नाही.

डबा पाठवायची माझी बायको. राजक्का तिचं नाव, माहेर सिरोंचा, बोली तेलुगू. मी इकडचा झाडीपट्टीतला. लग्न झालं तेव्हा तिला मराठी येत नव्हतं आणि मला तेलुगू, त्यामुळे पहिलं वर्ष भांडण झालं नाही. मग दोन्ही भाषा एका चुलीवर चढल्या. पाण्याला ती नीळ्ळु म्हणायची, मला "एमंडी", म्हणजे अहो, अशी हाक मारायची, रागावली की पूर्ण तेलुगू आणि काम काढायचं असलं की पूर्ण मराठी. घरातून बाहेर पडताना "वस्ता" म्हणायची, म्हणजे "येते". जाते म्हणायचं नसतं, आपल्यातही नाही, त्यांच्यातही नाही. मूलबाळ आम्हाला झालं नाही. त्याचं रडगाणं आम्ही केलं नाही, पण राजक्काने भाडेकरणीला लेकीसारखं धरलं ते त्यामुळेच असेल. "एमंडी, त्या पोरीले जेवाले बोलवा. का काड्याच खाऊन राहते ते?" बाईचं वय तेव्हा पन्नाशीला टेकलेलं. राजक्कासाठी ती पोरगी.

राजक्काने माहेराहून सोबत आणलं होतं ते एक अंबिलीचं गाडगं. ज्वारीचं पीठ कालवून आंबवायचं, उकळीच्या पाण्यात सोडायचं, ताक-मीठ घालून प्यायचं. पण प्रत्येक वेळी तळाशी थोडी जुनी अंबील ठेवायची, नवी तिच्यावर आंबते. म्हणजे गाडग्याच्या तळाशी होती ती सिरोंच्याच्या चुलीवरची, तिच्या आईची, आईच्या आईची. बाईने हे ऐकलं आणि कानावरची काडी काढली. राजक्काने तिच्या हातावर चापट मारली. "आंघोळ केली का आज?" बाई खरोखर जाऊन आंघोळ करून आली, तेव्हा तिला गाडग्यात काडी बुडवू दिली. आठवड्याने बाईने निकाल सांगितला. "अक्का, तुमच्या गाडग्यात सारे शरीफ लोक आहेत. एक बदमाश नाई."

"माझ्या माहेरचे आहेत ते," राजक्का म्हणाली. "बदमाश कसे असन?"

झाडं ठोकण्याचं काम माझं. आरामशीनवर आयुष्य गेलेल्या माणसाला तेवढं येतंच. कुऱ्हाडीचा उलटा दांडा खोडावर मारायचा. भरीव झाड ठक म्हणतं आणि गप्प बसतं. पोकळ झाड हूं म्हणतं. अगदी माणसासारखं, झोपेतून विचारलेल्या प्रश्नाला द्यावं तसं. झाडाने हूं म्हटलं की बाई तोंडाला जाड मास्क चढवायची, मलाही चढवायला लावायची, ढोलीपुढे उभी राहून खोकायची, "कोई है क्या जी" विचारायची आणि मग काडी आत न्यायची. आत कुजलेल्या लाकडाच्या भुशात तिची मंडळी राहतात. एकदा चपराळ्याकडच्या रानात तिने असंच विचारलं आणि आतून कोणीतरी फुस्स करून लांब श्वास सोडला. घुबड होतं. पांढरा, सपाट, मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यासारखा चेहरा, आणि दोन काळे डोळे तिच्या नाकापासून वीतभर. बाई तसूभर हलली नाही. मान लववून म्हणाली, "माफ करा, साहेब घरी आहेत हे माहीत नव्हतं." मागे पावलं टाकत आली आणि मला सांगितलं, उद्या येऊ. दुसऱ्या दिवशी गेलो तर ढोली रिकामी. बाई हळहळली. "आपल्यापायी घर सोडलं त्यानं." आमच्या घरामागे एक जुनी चिंच आहे. तिलाही मी ठोकून पाहिलं. तिनेही हूं म्हटलं, बाईने तिच्यातूनही काडी भरून घेतली. राजक्का तिच्याखाली बसून चिंचा फोडायची.

मग राजक्काचं डोकं दुखायला लागलं. आधी उन्हाचं वाटलं, मग डोळ्याचं. तिला साखरेचा आजार जुना, अंगात जोर नव्हता. उलट्या सुरू झाल्या तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाठीच्या कण्यातलं पाणी काढलं आणि ते तपासायला मागच्या इमारतीत गेलं, म्हणजे आमच्या बाईकडेच. त्या दिवशी मी तिथे पोचलो तर बाई दुर्बिणीसमोर बसलेली, आणि कानावर काडी नव्हती. मी म्हटलं, मला पाहू दे. ती नको म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. मग तिने उठून जागा दिली.

त्या पाण्यात काळी शाई घालतात. सगळं काळं, अमावस्येच्या आभाळासारखं, आणि त्यात गोल गोल चांदण्या. प्रत्येकीभोवती पांढरं खळं, पाऊस येणार असला म्हणजे चंद्राभोवती पडतं तसं. एका चांदणीला दुसरी बारकी चांदणी फुटत होती. इतकं देखणं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्या बायकोच्या डोक्यातलं होतं. मी विचारलं, "हे हलून राह्यलं का?" बाई म्हणाली, "हलत नाई जी. वाढते."

औषध लागलं, उतार पडला. राजक्का उठून बसली, अंबील मागितली. पुन्हा उलटलं. आणि ह्या खेपेला तिचं मराठी जायला लागलं. आधी अवघड शब्द गेले, मग सोपे, मग माझं नाव. राहिली फक्त तेलुगू, तीही लहान पोरीची. जांभळं वेचायला चल म्हणायची, कोणत्या तरी मैत्रिणीला. मला वाटायचं, आमच्या घराची तिच्यातली अर्धी बाजू कोणी उचलून नेतो आहे आणि मी दारात उभा आहे. तपासणीच्या खोलीत नेताना तिने शेवटचं म्हटलं ते "वस्ता". ती येणार नव्हती.

आमच्यात मयत झालं की घरातलं शिजलेलं सगळं फेकतात, मातीची भांडी बाहेर नेऊन फोडतात. भाऊबंदांनी रीत केली. मी मसणातून परत आलो तर अंगणात गाडग्याच्या खापऱ्या आणि पांढरा ओघळ. माशा बसल्या होत्या. रीत रीत असते. खमीरवाली बाई जिन्यात उभी होती, तिचे ओठ हलत होते. कुकरसमोर हलायचे तसे.

चार-सहा महिने गेले. एका दुपारी बाई खाली आली आणि चुलीजवळच्या पाटावर बसली, राजक्का बसायची तिथे. "भाऊ, एक सांगाचं आहे. अक्काच्या पाण्यातून जो निघाला, तो मी नळीत जपून ठेवला."

मला आधी कळलंच नाही. "जिवंत?"

"जिवंत."

"काऊन?"

"तो साधा नाई." आणि तिच्या चेहऱ्यावर असा उजेड आला की मला ते शाईतलं खळं आठवलं. तिला स्वतःलाच ते समजलं असावं, कारण तिने पदराने तोंड झाकलं. झाकल्या तोंडानेच म्हणाली, "तो संकरित आहे. दोन येगळ्या जातीचं लेकरू. अशी सोयरीक सहसा होत नाई."

"मारून टाक त्याले."

"टाकते. तुम्ही म्हणान तवा. दवाखान्याच्या नियमानं तुमच्या सहीशिवायही ठेवू शकते, पण माझ्या नियमानं नाई. मात्र तिथी येऊन, त्याच्यासमोर उभं राहून म्हणा. माझं काम संपाले अजून वेळ आहे. जायच्या आधी सांगा, ठेवू का शिजवू."

मी त्या दिवशी उठून बाहेर निघून गेलो. पण माणसाचं मन घाणेरडं असतं. ज्याने घर बुडवलं तो कोणाचा कोण, हे जाणून घ्यायची खाज सुटतेच. शेवटी मीच जिना चढून विचारलं. संकरित कापूस मला माहीत होता, हे कसं असतं? बाईने चुलीचीच भाषा केली. म्हणाली, "नवी सून घरी येते तवा दोन्हीकडचं सामान एका घरात येते. दोन तवे, दोन खलबत्ते, दोन पाटे. लेकराच्या वाट्याले दोन्ही. पण घर लहान. मग पिढी-दर-पिढी काहीतरी टाकून द्या लागते. कधी माहेरचा तवा जाते, कधी सासरचा पाटा. कोणी पूर्ण एका बाजूचं होऊन जाते. काय ठेवलं आन काय टाकलं, त्याच्यावर तो जगते. अक्काले औषध दिलं तवा ह्यानं एक भांडं दोनाचं तीन करून ठेवलं, म्हणून औषध पुरलं नाई." तिने नळ्यांत ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं होतं. दुसऱ्या कोणाच्या डोक्यात हा उतरला तर औषध उलटायच्या आधी ओळखता यावं, म्हणून तिला तो हवा होता.

"ह्याच्या एका बाजूचा सापडला," ती म्हणाली. मग खिडकीबाहेर पाहत राहिली. मीही पाहिलं. बाहेर चिंच होती.

"आन दुसऱ्या?"

"अक्का इथी यायच्या आधी कुठी होती, तिथी पाहा लागन."

आलापल्लीवरून एसटीने सिरोंच्याला गेलो, डबा बाईच्या मांडीवर. राजक्काचा धाकटा भाऊ गोदावरीत जाळं टाकतो. त्याच्या घरामागे जांभूळ आहे, नदीकडे झुकलेली, खोड मधून फाटलेलं. पोरवयात राजक्का त्या ढोलीत लपून बसायची, भाऊ शोधत फिरायचा, हे त्यानेच सांगितलं. मी दांडा मारला. जांभळीने हूं म्हटलं. बाईने मास्क चढवला, खोकली आणि विचारलं, "कोई है क्या जी?"

मेव्हण्याचा चेहरा उतरला. मला, म्हणजे त्याच्या दाजीला, बाजूला ओढून म्हणाला, "बावा, ही बाई आमच्या अक्काले काडीत भरून नेते का?"

बाईने ते ऐकलं. ढोलीतून हात न काढता म्हणाली, "नाई, दादा. अक्काले ज्यानं नेलं, त्याच्या घरच्यांले भेटाले आली."

मेव्हणा वळला. मग घरात गेला आणि पाहुण्यांची खुर्ची आणून जांभळीखाली ठेवली. बाईसाठी की ढोलीत तिने ज्यांना विचारलं त्यांच्यासाठी, ते त्यालाच माहीत.

जुळलं. चिंचेतला एक, जांभळीतला एक. बाईने सांगितलं तेव्हा ह्या खेपेला तिच्या चेहऱ्यावर उजेड नव्हता. मी विचारलं, "पन भेटले कुठी? एवढं अंतर."

"श्वासातून आत जाते तो. कधी कधी छातीत झोपून राहते, किती तरी वर्षं. माणसाले माहीतही होत नाई."

"म्हणजे राजक्का लग्न होऊन आली तवा..."

"होऊ शकते."

"आन सोयरीक तिच्या अंगात झाली?"

"मी पाह्यलं नाई, भाऊ. एखाद्या ढोलीत झाली असन, आमच्या-तुमच्या आधी. जे पाह्यलं नाई ते मी सांगत नाई." मग हळूच म्हणाली, "आनखी एक आहे. नळीत चारून राह्यली तसा तो बदलून राह्यला. सिरोंच्याकडचं सामान गळून राह्यलं."

दवाखान्यात राजक्कातून इकडची बाजू गेली होती. नळीत तिकडची जात होती. मी म्हटलं, "थांबव ना मंग त्याले." बाई म्हणाली की एकच उपाय आहे, इतक्या थंडीत ठेवायचं की हाताची कातडी चिकटेल. तिथे तो जगत नाही, मरत नाही, बदलत नाही. नाहीतर कुकर. "तुमचं तुम्ही ठरवा."

बाईचं इथलं काम संपलं तो दिवस मला चांगला आठवतो, कारण मी ठरवून गेलो होतो. डोक्याला टोपी, पायात वहाणा, मसणात जातो तसा. शिजव म्हणायचं, झाकण आपल्या हाताने लावायचं, शिट्टी ऐकायची, घरी यायचं. खोलीत सामान बांधून झालं होतं. टेबलावर दोन ताटं. एकात बर्फ आणि मोजक्या नळ्या, मोठ्या शहरातल्या फ्रीजरात जाणाऱ्या. दुसरं कुकरचं, त्यात नळ्यांची रास. बाईने एक नळी वेगळी काढून माझ्या पंजात ठेवली. काच घट्ट बंद, आत तळाशी पांढरट साय, दुधावरची असते तशी. एवढंच. एवढ्याशाने माझं घर रिकामं केलं. मी तिच्याकडे टक लावून पाहिलं, शिव्या आठवून ठेवल्या होत्या त्यातली एकही तोंडात आली नाही.

नजर चुकवायला मी कुकरच्या ताटाकडे पाहिलं. वरच्याच नळीवर बाईच्या अक्षरात होतं, "राजक्का, अंबील".

"हे काय?"

"गाडग्यातली. अक्कानं काडी बुडू दिली होती ना."

"आन ही कुकरच्या ताटात काऊन?"

बाईने चष्मा काढून पुसला. "शरीफ आहे ती, भाऊ. तिनं कोणाचं काही बिघडवलं नाई. फ्रीजरात जागा थोडी, तिथी फक्त बदमाशांले नेतात. शरिफांले कोण जपते?"

असं आहे जगाचं. बाहेर दवाखान्याच्या रांगेत कोणाचं तरी पोर रडत होतं, त्याची आई त्याला तेलुगूतून समजावत होती. मग मी हातातली नळी बर्फाच्या ताटात ठेवली. बाईला म्हटलं, "मी त्याले माफ नाई केलं. पन चिंच आन जांभूळ आता एका जागी तिथंच आहेत. त्यांले येगळं करणारा मी कोण? जसे आहेत तसे ठेव. आणखी बदलू देऊ नको." आणि कुकरच्या ताटातली वरची नळी उचलून खिशात टाकली.

बाई दाराकडे बघून आली. "लॅबमधलं घरी न्याचं नसते."

"शरीफ आहे म्हणालीस."

"जामीन देते मंग," ती म्हणाली. "पन प्याची नाई. कोणत्या कोणत्या नळ्यांच्या शेजारी राहिली आहे ती. फक्त तिले पीठ चारा. ऐका. वास घ्या. तोंडाले लावाची नाई, कसम खा." मी कसम खाल्ली. तिने उरलेल्या नळ्या कुकरात ठेवल्या, वाकली, आणि ह्या वेळी माझेही ओठ तिच्याबरोबर हलले.

बाई गेली त्याला आता बरेच दिवस झाले. जाताना मी तिला बसस्टँडवर सोडायला गेलो होतो. डबा मांडीवर घेऊन बसली, खिडकीतून हात काढून कानावरची काडी मला दिली. काय करू हिचं, विचारलं तर म्हणाली, "खोचून ठेवा. शोभते तुम्हाले." माडीची खोली मी दुसऱ्या कोणाला दिली नाही. लोक विचारतात. मी म्हणतो, तिथे हवा आंबट आहे.

कुंभाराकडून नवं गाडगं आणलं, नळीतली साय त्यात सोडली. रोज सकाळी मूठभर ज्वारीचं पीठ, पाणी, आणि तळाशी थोडं जुनं. उरलेलं चिंचेच्या बुडाशी नेऊन ओततो. म्हातारा एकटाच अंबील करतो आणि झाडाला पाजतो, असं गाव म्हणतं, म्हणू दे. दुपारी घर शांत असलं की मी गाडग्याशी कान लावून बसतो. आत बारीक बारीक बोलणं चालू असतं, कोणत्या भाषेत ते कळत नाही. बाईचा फोन येतो अधूनमधून. "चारून राह्यले ना भाऊ?" मी म्हणतो, हाव. "तुमचा तिकडला कसा आहे?" म्हणून मी विचारतो. ती म्हणते, "झोपला आहे."

एकदा बोट बुडवून जिभेला लावलं. बाईला सांगितलेलं नाही. आंबट होती. तिची होती की नाही, इतक्या दिवसांनी सांगता येत नाही; तीही बदलत असेल, माझी ज्वारी खाऊन माझ्याकडची होत असेल. बाजारात निघालो की मी दाराशी थांबून घरात म्हणतो, "वस्ता." कोणी काही म्हणत नाही. फक्त चुलीजवळ गाडग्यात एक बुडबुडा फुटतो. कधी कधी नाही फुटत, तेव्हा मी थोडा वेळ उंबऱ्यातच थांबून राहतो.